कोंड्यातलं पीक

भोपाळला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. रिक्षा टाउनशिपच्या फाटकातून आत शिरली आणि आधी दिसली ती झाडं. बारा वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यातून बदली होऊन मी पुण्याला गेलो, तेव्हा खांद्याएवढे असलेले गुलमोहर आता दुमजली क्वार्टरांच्या वर गेले आहेत. अळ्यांची शेती बघायला जातो, असं घरी सांगून निघालो होतो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

मालतीताई टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मूळच्या ग्वाल्हेरच्या, आमच्या शेजारी. दोन्ही घरांची गॅलरी एकच. तिथे परातींत चोकर (गव्हाचा कोंडा) भरून त्यांनी खाण्यासाठी अळ्या पाळल्या होत्या. "एवढ्याशा जागेत, एवढ्याशा पाण्यात इतकं पौष्टिक दुसरं काय पिकतं, सांग!" म्हणायच्या.

बदलीच्या थोडं आधी एकदा माझे साहेब जेवायला येणार होते. पराती हलवा, असं ताईंना तोंडावर सांगायची मला हिंमत झाली नाही. इस्टेट ऑफिसच्या तक्रारवहीत नाव लिहावं लागत नसे, फक्त क्वार्टरचा नंबर. मी समोरच्या तिवारीजींचा नंबर लिहिला. दुसऱ्या दिवशी सफाईवाले येऊन पराती रिकाम्या करून गेले. ताईंनी वही पाहिली आणि तिवारीजींशी बोलणं तोडलं. मी गप्प राहिलो.

ताई आणि तिवारीजी दोघंही आता निवृत्त, पण त्याच क्वार्टरांत भाड्यानं राहतात. ताई दारातच उभ्या होत्या.

"वाळलास की रे! ये, आधी खाऊन घे."

पोह्यांवर शेव, आणि शेंगदाण्यांच्या जागी भाजलेल्या अळ्या. पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. कुरकुरीत, भाजक्या तिळासारखा खमंग. तिसऱ्यांदा मीच वाढून घेतलं.

मग त्यांनी मागची खोली दाखवली. फळ्यांवर उथळ ट्रे, त्यांत चोकर, वर गाजराचे तुकडे. कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येत होती.

"हे काळे भुंगे म्हणजे आईबाप," ताई म्हणाल्या. "अंडी घातली की यांना वेगळं काढायचं. नाहीतर स्वतःचीच पोरं खातात, नालायक!"

चाळायचं काम मला दिलं. चाळणीखाली पडते ती विष्ठा, रेतीसारखी कोरडी. ती गुलाबांना जाते. दोन ट्रे छान झाले. तिसऱ्याला चाळणी निसटली आणि पिवळ्या अळ्या फरशीभर पसरल्या.

"साठ पोरांचा वर्ग आवरलाय मी, या काय चीज आहेत!" असं म्हणत ताई हसत गुडघ्यांवर बसल्या. मीही बसलो. वेचता वेचता बोलून गेलो, "ताई, ती तक्रार मी केली होती. तिवारीजींचा नंबर मीच लिहिला."

त्यांचा हात थांबला.

"बारा वर्षं मी त्या माणसाला दिवाळीचा फराळ पाठवला नाही," त्या हळू म्हणाल्या. "आणि तू दर दिवाळीला मला फोन करत होतास!"

हातातल्या अळ्या त्यांनी ट्रेमध्ये टाकल्या.

"ऊठ. मला नाही, त्यांना सांग."

तिवारीजींनी दार उघडलं आणि ताईंना बघून दचकलेच. मी हात जोडले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मैं समझा था, बहनजी को मेरे रेडियो से तकलीफ है. बारह साल से धीमा बजा रहा हूँ!"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही. "भाईसाहब, माफ कर दो. चकली आज ही तलती हूँ."

"तल दीजिए. पर कीड़े मत डालना, हम शाकाहारी आदमी हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और आटा ये साहब गूँधेंगे. मैं खड़ा होकर देखूँगा."

पीठ मी मळलं. ते खरोखरच उभे राहून बघत होते, आणि पाणी जास्त झालं म्हणून दोनदा ओरडले.

दुसऱ्या दिवशी दोघंही मला स्टेशनवर पोचवायला आले. माझं ओझं उतरवायला मी आलो होतो. त्यांचं किती साठलं आहे, याचा विचार बारा वर्षांत केला नव्हता. फलाटावर ते दोघं रेडिओ, गुडघे, नातवंडं, चोकराचा भाव असं एकमेकांचं बोलणं तोडत बोलत होते. गाडी हलली. मी दारातून हात केला. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.