सूतभर डावीकडे

रस्ता सरळ आणि मोकळा लागला की चव्हाणमामा चालत्या जीपचं स्टिअरिंग सोडून द्यायचे. दोन्ही हात मांड्यांवर, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे. शेजारी मी. मी वरची दांडी घट्ट धरून कुलदैवतापासून एकेका देवाचं नाव घ्यायला सुरुवात करायची, आणि मामा समोर बघत म्हणायचे, "आता गप ऱ्हा. गाडी बोलाय लागलीय."

जयपुरात हौशी लोक पुष्कळ. राहायला मानसरोवर कॉलनीत, पण सुट्टीच्या दिवशी वाळूत जीप घालायची हौस. त्यासाठी जीप उंच करून घेतात. स्प्रिंगचे जाड पाटे, लांब शॉकॲब्सॉर्बर, मोठी चाकं. आमच्या गॅरेजात हेच काम चालतं. उंच केलेली जीप रुबाबदार दिसते, पण बहुतेक वेळा एक दुखणं घेऊनच बाहेर पडते. पुढच्या ॲक्सलची बैठक बदललेली असते. एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा सूतभर जरी मागे राहिलं, तरी गाडी त्या बाजूला ओढायला लागते. तुम्ही सरळ निघालात तरी ती आपली कडेला चालली. हे ओढणं काढायचं काम मामांचं. उभी हयात फौजेच्या गाड्यांखाली काढलेला हवालदार माणूस. गॅरेजचे मालक शेखावतजीसुद्धा त्यांना 'फौजी साब' म्हणायचे.

मामा बढाईखोर होते, हेही सांगायला हवं. "म्या नसतो तर आख्खी पलटण लेहपासनं चालत आली असती," हे वाक्य गॅरेजात सगळ्यांना पाठ होतं. चहा गार झाला की करणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार व्हायचा. पोरं फितीनं दोन्हीकडची चाकं मोजायला लागली की ते हसायचे. "फीत गॅरेजात खरं बोलती. गाडी रस्त्यावर खरं बोलती. कुणाचं ऐकायचं?" फीत अडगळीतच पडून असायची. आणि मामांच्या हातून गेलेली जीप परत यायची नाही, म्हणून कुणी वाद घालत नव्हतं.

माझी त्यांची ओळख शास्त्री नगरात भाजीच्या गाड्यावर झाली. मी आटपाडीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, लेकरू झालं, आणि नवरा गलाईच्या दुकानात कामाला लागला म्हणून इकडे आलो. जुनं सोनं गाळायचं काम. आमच्याकडची निम्मी माणसं त्यासाठी मुलूख सोडून गेलेली असतात. मला हिंदी धड येत नव्हतं. त्या दिवशी भाजीवाल्याने वजनात मारलं, तर मी रागाच्या भरात त्याला मराठीतच झापलं. मागून आवाज आला, "अगं हळू! त्याला कळलं असतं तर गाडा सोडून पळाला असता. आटपाडी का खानापूर?"

परक्या गावात आपली बोली ऐकून मला रडूच आलं. मामा कागलकडचे. बायको वारलेली, मुलगी कोल्हापुरात, आणि हे इथे एका खोलीत. त्यांनी मला गॅरेजात फोन घ्यायचं काम मिळवून दिलं. "मला बोलता येत नाही हो मामा," मी म्हणाले. "तुला कुठं बोलायचंय? गिऱ्हाईक आपलंआपण रडत असतंय. तू नुसतं 'जी' म्हणत ऱ्हा."

पुढे त्यांनीच मला गाडी शिकवली. माझ्या नवऱ्याने आधी नाक मुरडलं, तर त्याला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मागं बसून आयुष्य काढायचं असंल तिनं, तर तुम्ही आधी नीट चालवाय शिका." मी स्टिअरिंगला बसले की तळहात घामेजायचे. मामा म्हणायचे, "भ्या वाटतंय? वाटू दे. भ्यालेलं मानूस ब्रेक येळंवर दाबतंय." मला आयुष्यात माझी भीती कुणी कामाची म्हटली नव्हती.

मामांची स्वतःचीही एक जीप होती. लिलावातली, फौजेच्या रंगाची. ती त्यांनी हळूहळू उभी केली आणि शेवटी तीही उंच केली. मी एकदा विचारलं, "तुम्ही तर वाळूत जात नाही, मग ही उंच कशाला?"

ते पान्याशी चाळा करत राहिले. मग सांगितलं. त्यांचं घर गावात नाही, वर रानात. वाट ओढ्यातून, दगडांतून जाते. मामी आजारी पडल्या तेव्हा गाडी वर येईना. चौघांनी खाटेवर घालून त्यांना खाली आणलं. खाली येईपर्यंत उशीर झाला होता. "आन् म्या लेहला. दुसऱ्यांच्या गाड्या वर चढवत." पाना खाली ठेवून म्हणाले, "एकदा ती वाट गाडीनं चढायची. दारात नेऊन उभी करायची. मग तिथंच ऱ्हायचं. इथलं संपलं."

आता वर कुणी वाट बघणारं नव्हतं. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार.

दसऱ्याला निघायचं ठरलं होतं. पण जीप डावीकडे ओढत होती. मामा रोज सकाळी रिंग रोडकडे ट्रायल घेऊन यायचे आणि तोंड वाकडं करून जीपखाली शिरायचे. डावं चाक सूतभर पुढे घ्यायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. दसरा गेला, दिवाळी गेली. पोरं चिडवायची, "फौजी साब, गाडी जाना नहीं चाहती." मामा म्हणायचे, "बाईमानसासारखी रुसलीय. निघंल." मग माझ्याकडे बघून, "तुला न्हाई म्हटलं गं."

त्याच सुमारास त्यांच्या डाव्या गालावर दाढीचे खुंट राहायला लागले. डबा खाताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. शटरच्या खांबाला डावा खांदा आपटायचा, आणि ते खांबालाच शिव्या घालायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मग अनिरुद्ध आला. पुण्याचा मुलगा, मानसरोवरात राहायचा, कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला. त्याची जीप मामांनीच करून दिली होती. म्हणाला, "काका, गाडी उजवीकडे जातेय. समोरून ट्रक आला की दोन्ही हातांनी ओढून धरावी लागते."

"पुण्याची मानसं कुठं सरळ जात्यात?" मामा म्हणाले. "म्या स्वतः ट्रायल घेतलीय. तुझा हात वाकडा."

तो बिचारा हसला, पण गेला नाही. त्याचा चेहरा बघून मीच चावी घेतली. तेव्हा माझं लायसन निघालं होतं. मामा तणतणत शेजारी बसले. मोकळ्या रस्त्याला आल्यावर मी त्यांच्यासारखेच हात सोडले, आणि जीप हळूहळू दुभाजकाकडे सरकायला लागली. उजवीकडे.

"बघ," मामा म्हणाले. "एकदम सरळ."

मी स्टिअरिंग धरलं. गाडी फिरवून पुन्हा ट्रायल घेतली. तेच. गॅरेजात आल्यावर, का कोण जाणे, मी मामांच्या जीपची चावी मागितली. तिच्यात दोघं पुन्हा त्या रस्त्यावर गेलो. ती तर अनिरुद्धच्या जीपहून जास्त उजवीकडे जात होती, आणि शेजारून मामा म्हणत होते, "अजून बारीक डावीकडं हाय."

मी गाडी कडेला घेतली. या माणसाने मला उभं केलं, त्याला मी काय सांगणार?

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "नीट सांग पोरी. भिऊ नगं."

"उजवीकडे जाते मामा. दोन्ही गाड्या उजवीकडेच जातात."

"लई?"

"लई."

मामा म्हणाले, "चल. त्या पुण्याच्या पोराची गाडी पयली नीट करू. हकनाक मेला असता."

मग मी त्यांना मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढून सांगितलं. मेंदूतली एक बारीक शीर कधीतरी गुपचूप बंद पडून गेली होती. डोळे शाबूत होते, पण डावी बाजू ध्यानातच येत नव्हती. त्यांचं 'समोर' जरासं उजवीकडे सरकलं होतं. सरळ जाणारी गाडी त्यांना डावीकडे जाताना दिसायची. यापुढे गाडी चालवायची नाही, असं बाईंनी तीनतीनदा बजावलं. मामा फौजी थाटात "जी मॅडम" म्हणाले आणि बाहेर येऊन जीपची चावी माझ्या हातात ठेवली.

पोरांनी अडगळीतून फीत काढली. मामांनी आपल्या जीपमध्ये दसऱ्यापासून जे जे पुढे सरकवलं होतं ते सगळं पोरांनी मागे घेतलं आणि ॲक्सल पहिल्या दिवशी होता तिथे आणून बसवला. मी ट्रायलला नेली. मामा शेजारी. हात सोडले. जीप दोरी धरल्यासारखी निघाली.

"सरळ?" मामांनी विचारलं.

"सरळ."

"म्हंजे दसऱ्यालाच झालं हुतं काम."

ते खूप पुढे वाकून, डोळे बारीक करून रस्ता बघत होते. मग मागे टेकले. "मला अजून डावीकडंच जाताना दिसतीय गं," ते म्हणाले. "पर तू म्हणतीस तर सरळ."

मी त्यांना म्हणाले, आपण जाऊ. मी चालवते, नवरा मागे बसेल, लेकरालाही घेऊ, मुक्काम करत करत जाऊ. मामांनी 'नको' म्हटलं नाही. संक्रांतीनंतर बघू म्हणाले. मी नवऱ्यापाशी विषय काढला, त्याच्या दुकानात सुट्टी मिळेल की नाही याची वाट बघत बसलो, आणि तेवढ्यात कोल्हापूरहून त्यांची मुलगी आली. वडिलांना अशा अवस्थेत एका खोलीत ठेवायला ती तयार नव्हती. तिचं काय चुकलं? रेल्वेने घेऊन गेली. स्टेशनवर मामा डब्यात बसले तेव्हा मी खिडकीपाशी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. ते मला शोधत होते. मी पळत दुसऱ्या बाजूला गेले, तेव्हा कुठे हसले. "दांडी धरून बसू नगंस आता," म्हणाले. "आता तूच डायवर."

उन्हाळा लागता लागता ते कोल्हापुरातच, मुलीच्या फ्लॅटमध्ये वारले. रानातल्या घरी जायचं राहूनच गेलं. जीप मुलीने विकायला सांगितली. उदयपूरचं गिऱ्हाईक आलं, घेऊन गेलं. ट्रायल मीच दिली.

मे महिन्यात आम्ही आटपाडीला आलो, तेव्हा नवऱ्याला म्हटलं, एक दिवस कागलकडे जाऊन येऊ. मामांच्या मुलीला फोन करून पत्ता विचारला. भाड्याची गाडी ओढ्याशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, ताई, याच्या वर जायची नाही. आम्ही चालत निघालो. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे होते. मी चालताना वाट बघत होते. इथे पहिला गिअर. इथे डावं चाक खडकावर घ्यायचं, उजवं चाकोरीत सोडायचं. इथे थांबायचं नाही, थांबलं तर माती सुटेल. वळणावर एक जागा अशी होती की तिथे साध्या गाडीचं पोट टेकलं असतं. मी खाली वाकून वीत लावून बघितली. दोनदा बघितली.

"काय करतेस उन्हात?" वरून नवरा ओरडला.

"चढली असती," मी म्हणाले. "आरामात चढली असती."