पैलवानाचा झग्यातला फोटो

परवा फोनवर तुमच्या बाबाने हसत सांगितलं, की तुमचा आवडता कुस्तीगीर वारला, टीव्हीवर त्याला आदरांजली वाहिली आणि ती पाहताना तुम्ही दोघं रडलात. "सगळं आधी ठरवून केलेलं असतं गं आई, आणि ही पोरं रडतायत," असं तो म्हणाला. मी त्याला तिथेच थांबवलं. अशा माणसासाठी रडण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी फार पूर्वी शिकले. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पहिल्यापासून सांगते.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी माझे वडील पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात इंजिनिअर होते. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. मी एकोणीस वर्षांची होते आणि पुण्याला इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते. आज जिथे संत तुकाराम नगर आहे तिथे तेव्हा बाजरीची शेतं होती. वसाहतीत वीज होती आणि आमच्या घरी रेडिओ होता. रुळांपलीकडच्या गावात दोन्ही फारशी नव्हती, पण तालीम होती.

त्या तालमीतला एक पैलवान चाकणपासून दिघीपर्यंतच्या जत्रांत कुस्त्या मारून आला होता. डोक्याला पटका बांधलेला, लंगोटातला त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर होता. पुढे तो मुंबईला जाऊन तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्या करू लागला. तिथे दोरांचा चौकोन, पायांत बूट, अंगावर चकचकीत झगा आणि समोर गोरे पैलवान. कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असे. अशा कुस्तीला आपल्याकडे नुरा म्हणतात, आणि लाल मातीत याहून मोठी शिवी नाही. तालमीच्या वस्तादांनी त्याचा फोटो उतरवून घरी पाठवून दिला. भिंतीत खिळा तेवढा राहिला. सहा वर्षं तो माणूस मुंबईला येत-जात राहिला, पण तालमीची पायरी पुन्हा चढला नाही. मग मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला. चाळिशीही पुरी झाली नव्हती.

त्याची बायको आमच्या वसाहतीत भाजी विकायची. मी तिला वहिनी म्हणायचे. नवरा गेल्यावर एक दिवस मेथीच्या जुड्यांखालून तिने एक गाठोडं काढलं. आत मुंबईच्या कुस्त्यांच्या इंग्रजी जाहिराती होत्या. त्यांत काय लिहिलंय ते तिला कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचू लागले. नाव भलतंच छापलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, की हा हिमालयाच्या गुहेत वाढलेला, बर्फात झोपणारा मल्ल आहे. ती पदर तोंडाला लावून हसली. "बर्फात? पौषात दोन घोंगड्या लागायच्या त्यास्नी."

त्यात एक मोठा फोटो होता. झगा घातलेला, हात कमरेवर, चेहऱ्यावर थोडी मस्ती. तिला एवढंच हवं होतं, की हा फोटो तालमीतल्या त्या रिकाम्या खिळ्यावर लागावा. मी म्हटलं, तालमीत बायका जात नाहीत, तुम्हाला तो दिसणारही नाही. ती म्हणाली, तिला दिसायची गरज नाही, कसरत करणारी पोरं बघतील.

मी वडिलांकरवी विचारलं, पण वस्ताद ऐकत नव्हते. तेवढ्यात वर्तमानपत्रात आलं, की पुण्याच्या रेडिओवर या पैलवानाला आदरांजली वाहणार आहेत. वस्ताद जरा नरमले. रेडिओ त्याला मानत असेल तर मीही हा फोटो लावतो, असा शब्द त्यांनी चारचौघांत दिला.

त्या संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात चाळीसएक माणसं जमली. कारखान्यातले कामगार होते, शेतावरून थेट आलेले गावकरी होते. मुंबई–पुणे रस्त्यावर गॅरेज चालवणारे मिस्त्री होते. ते मुसलमान, गावातच वाढलेले. मुंबईच्या प्रत्येक कुस्तीला ते पैलवानाबरोबर जायचे आणि त्याचं अंग चोळून द्यायचे. वडिलांनी कुंड्या आत घेतल्या आणि वस्तादांना वेताची खुर्ची दिली. वहिनी माझ्याबरोबर दाराच्या आत उभी होती.

रेडिओवर बोलणाऱ्या गृहस्थांचा आवाज चांगला होता. पैलवानाचं बालपण झालं, दूध आणि जोर झाले, चाकणची कुस्ती तर अशी रंगवली की माणसं मांडीवर थाप मारू लागली. मग ते म्हणाले, "यानंतर प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी कुस्तीतून निवृत्ती घेतली." सनई वाजली आणि कार्यक्रम संपला.

एकही माणूस उठला नाही. वडिलांना वाटलं, दुःखाने बसलेत. खरं कारण वेगळं होतं. कुस्त्यांच्या मैदानात सगळ्यांत मोठी जोड शेवटी लावतात. तिच्यासाठी लोक तासन्‌तास उन्हात बसतात. ही माणसंही तशीच बसली होती. चाकणची कुस्ती झाली, आता मुंबईची लागणार. गुळाचे भाव झाले, बातम्या झाल्या, खतांवर एक भाषण झालं. "आता लावतील बघ," असं कोणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणत होतं. मला सगळं कळत होतं, पण सांगायचा धीर होत नव्हता. तास झाल्यावर मिस्त्रींनी दाराकडे वळून विचारलं, "ताई, अजून आहे ना?"

मी म्हटलं, नाही, ते तेव्हाच संपलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक कामगार म्हणाला, "सहा वर्षं आजारी होता व्हय? म्या सोताच्या डोळ्यानं बघितलाय. आजारी माणूस अडीच मणाचा गोरा डोक्यावर धरतोय?" लोक हसले, पण रागाने. कोणी म्हणालं, पुण्याला जाऊन त्या गृहस्थाला जाब विचारू. कोणी म्हणालं, त्याला झगा घालून त्या गोऱ्यासमोर उभा करू.

वस्ताद उठले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. दाराआडच्या वहिनीला म्हणाले, "झालं ते बरं झालं. नको ते निघालं न्हाई. उद्या जुना फोटो पाठवून दे पोरी, म्या सोता लावतो."

वहिनी बाहेर आली. वस्तादांसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "वस्ताद, ती कुस्ती ठरवून असायची. कुणी पडायचं ते सकाळीच सांगायचे. मला समदं ठाव हाय. पर पडायचे ते फळीवर, मातीत न्हाई. पाठ काळीनिळी व्हायची ती ठरवून न्हवती व्हत. त्या सहा वर्सांत तेंच्या हातनं एका गड्याची मान मोडली न्हाई. ह्ये बी शिकावंच लागतं. जुना फोटो मी देत न्हाई. लावायचा तर झग्यातला लावा."

"तालमीत झगा लागायचा न्हाई."

"मग खिळा तसाच राहू द्या."

वस्ताद पायऱ्या उतरून गेले. पाच-सहा म्हातारे त्यांच्यामागे गेले. बाकीचे बसून राहिले. ठरलेल्या कुस्त्या आहेत हे त्यांनाही पहिल्यापासून माहीत होतं. फक्त ते मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "भाभी, माझी भिंत आहे."

मी त्याच आठवड्यात रेडिओला पत्र लिहिलं. वडिलांनी सौम्य भाषेची अट घातली, ती मी पाळली. सहा वर्षं गाळली आहेत आणि चाळीस माणसं त्यांची तासभर वाट पाहत होती, एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात तेच पत्र पुन्हा पाठवलं, आणि असं वर्षभर पाठवत राहिले.

फोटो काच लावून गॅरेजच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लागला. खाली काय लिहू, असं मी वहिनीला विचारलं. म्हणाली, खरं नाव, गाव आणि धंदा. धंदा काय लिहू?

"कुस्ती. दुसरं काय?"

पुढे तिने वसाहतीत फिरणं बंद केलं आणि त्याच भिंतीखाली भाजीची पाटी मांडली. वस्तादांचा मळा रस्त्याच्या पलीकडे होता, रोज सकाळी त्यांना तिथूनच जावं लागे. ते मान फिरवून चालू लागले, की ती बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणे, "रामराम, वस्ताद." केलेल्या रामरामाला उत्तर न देणं त्यांना जन्मात जमलं नसतं. ते थांबत, तिच्याकडे आणि तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे तोंड करत, आणि हात जोडत.