सव्वीस घरांचं नाव

नव्वदच्या दशकात मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात होतो. उसाच्या गाड्या तोलणाऱ्या काट्यांसाठी आम्ही लाल अक्षरांच्या पाट्या बनवायचो. पाटीवर अक्षरं पाठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याकडे होता. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात पाटी पास झाली तरच मी नोकरीत कायम होणार होतो. घरी दोन मुलं शाळेत जात होती.

पाटी दाखवायच्या आदल्या दिवशी कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमने, इशारा दिला, की मजकूर त्याच्या जागेपेक्षा मोठा आहे. जागा वीस अक्षरांची, आणि मजकूर म्हणजे उद्घाटनाला पाटीवर दाखवायचं साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं नाव. शेजारचा सहकारी म्हणाला, दोन्ही राव काढ, इशारा जाईल. मी म्हटलं, त्याच्यामागोमाग आपणही जाऊ. साहेबांचा राव आणि त्यांच्या वडिलांचाही राव कापणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा होता. मी मोकळ्या जागांसकट तीनदा मोजलं. सव्वीस. जागाही सव्वीस केली. इशारा गेला, आणि मी दिवसभर जरा ताठच चाललो.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला आणि साहेब काट्यावर उभे राहिले. पाटीवर त्यांचं नाव सरकू लागलं, शेवटच्या 'पाटील'पर्यंत आलं आणि थांबलंच नाही. त्याला चिकटून पुढचा मजकूर आला: 'खाली उतरा'. तो गाडीवानांसाठी होता.

झालं असं, की मजकूर संपला हे सांगणाऱ्या खुणेलाही एक घर लागतं. ते मी धरलंच नव्हतं, म्हणून पाटी न थांबता शेजारचा मजकूरही वाचत गेली. सव्वीस घरांत सव्वीस अक्षरं भरली की कंपायलरही काही बोलत नाही.

आमचे मालक पाटीकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघत होते. साहेबांनी मात्र पाटी पुन्हा एकदा पूर्ण वाचली.

"इलेक्शनला अजून दोन वर्षं हायेत," ते म्हणाले. "ह्या पाटीला कुणी सांगितलं?"

सगळे हसले. मी हसावं की नाही ते मला ठरवता येईना. मग साहेबांनी कारखान्याची तपासलेली वजनं काट्यावर ठेवायला लावली. पाटीवरचा आकडा किलोला किलो जुळला. वजन बरोबर हाय, नाव दुरुस्त करून आणा, असं सांगून ते खाली उतरले.

परतताना जीप राहुरीला पोचली. मग मालक म्हणाले, "वजन जुळलं, म्हणजे पाटी पास. उद्यापासून तुम्ही कायम. फक्त मोजलेलं दुसऱ्याला दाखवत चला."



सत्तावीस घरं केली, तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने बोटांवर मोजलं आणि त्याला जरा जास्तच वेळ लागला.