पायऱ्यांचं माप

दुकान मुलाच्या हवाली केल्यावर टेलरमास्तर दर रविवारी स्वयंसेवकांबरोबर जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करायला जात. तिथल्या निसरड्या चढावर त्यांनी राबराब राबून ओंडक्यांच्या पायऱ्या बसवल्या, तर लोक त्या सोडून शेजारची झुडपं तुडवत चढायला लागले.

"डोळे फुटलेत लोकांचे," मास्तर घरी धुमसत राहिले.

शेवटी ते बायकोला पायऱ्या दाखवायला घेऊन गेले. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने पहिली पायरी नीट बघितली, आणि तीही झुडपांत शिरली.

"आता तुला काय झालं?"

"या पायऱ्या तुमच्या तंगड्यांच्या मापाच्या आहेत. गिऱ्हाइकाचं माप न घेता कधी कापड कापलंत का?"

ताडमाड मास्तरांनी वाकून स्वतःच्या तंगड्यांकडे बघितलं. मनातून त्यांना हायसं वाटलं. चला, लोक वाईट नव्हते, पायऱ्याच उंच होत्या.

पुढच्या रविवारी बायकोला सोबत नेऊन त्यांनी सगळे ओंडके उपटले आणि तिचं पाऊल सहज पडेल अशा बेताने पुन्हा बसवले. मग वर उभं राहून त्यांनी तिला आधाराला हात दिला. ती तो न धरताच, गुडघ्यालाही हात न लावता, चढून पुढे निघून गेली.

तो रिकामा हात मास्तरांनी बराच वेळ खाली घेतला नाही.