जरा चालवून दाखवा

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पातूरकडच्या आमच्या गावात बैलजोडी ज्या रीतीनं विकत घेतात, त्याच रीतीनं माझ्या बाबांनी माझ्यासाठी विमान शिकण्याची शाळा निवडली. कृपया कोणी हसू नये.

दिवस वाईट होते. कापूस दगा देत होता, पावसाचा भरवसा उरला नव्हता, आणि विमानातून ढगांवर काहीतरी फवारून पाऊस पाडणार अशी गावभर बोलवा होती. मी पायलट होणार हे कळताच शेजारची काकू दारात हजर.

"पाऊस पाडाले चालली का व? मंग आमच्या वावरावरून एक चक्कर जास्तीची मार."

मी लगेच कबूल केलं. वचन द्यायला मी कधी कंजुषी करत नाही.

पहिली शाळा दूरच्या एका शहरात होती. थंडगार ऑफिस, काचेच्या पेटीत मासे, गुळगुळीत माहितीपत्रक. बाबांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि थेट विमानापाशी जाऊन चाकाजवळ उकिडवे बसले. चाकाला कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं.

"जरा चालवून दाखवा ना भाऊ," बाबा म्हणाले.

मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हे विमान आहे, बैल नाही."

"म्हनून तं म्हनतो. बैल रस्त्यात बसला तं उठोता येते. हे वरते बसलं तं कोन उठवन?"

दुसरी शाळा अमरावतीजवळच्या माळावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये. बाबांनी तेच वाक्य म्हटलं. तिथला मेकॅनिक फक्त "काका, टोपी सांभाळा" म्हणाला आणि त्यानं इंजिन सुरू केलं. टोपी जी उडाली ती गवतात जाऊन पडली. बाबा ती झटकत, लग्न जमल्यासारखा चेहरा करून परत आले. "इथंच नाव लिव."

त्या शेडमध्ये मी पायलट झाले. मग तिथंच शिक्षक व्हायचं डोक्यात घेतलं, आणि पहिल्याच परीक्षेत आपटले. या परीक्षेत विमान उडवून भागत नाही. तपासायला आलेला मोठा साहेब मुद्दाम ढ विद्यार्थी होतो आणि आपण शेजारी बसून त्याला शिकवायचं. मी पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हटलं आणि साहेब चुकले की विमानाचा दांडा स्वतःच हातात घेतला. पुण्याचे साहेब सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही उत्तम उडवता. शिकवत मात्र नाही."

शेडमध्ये शिक्षकाची एकच जागा होती. मी पुन्हा नापास झाले, तर ती दुसऱ्याला जाणार होती.

दुसऱ्या वेळी तेच साहेब, तसेच ढ. उतरताना विमानाच्या नाकापुढची जमीन बघायचे, आणि विमान बेडकासारखं उडी मारायचं. मी इंग्रजीत एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या उतरणीला जमीन जवळ आली, साहेबांची मान खाली गेली, आणि माझं सगळं इंग्रजी संपलं. हात मात्र मी मांडीखाली दाबून धरले.

"खाली काहून पाहून राहिले सायेब? धुऱ्याकडं पाहा."

"धुरा म्हणजे?"

"वावराचा पार तिकडचा बांध. पेरणीची तिफन हाकता ना, तवा बैलाच्या पायाकडं पाह्यलं की ओळ वाकडी जाते. मंग दिवाळीपर्यंत गाव विचारते, काय व, साप पेरला का? मले विचारलं हाये. वर पाहा. पट्टीचं ते टोक, तोच धुरा. तिकडंच पाहत राहा, जमीन आपल्याआपन येते."

साहेबांची मान वर झाली. माझे हात मांडीखालीच होते. चाकं कधी टेकली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. विमान नुसतं धावत होतं.

कागदावर 'उत्तीर्ण' तासाभरानं लिहिलं गेलं, पण निकाल मला तिथंच, धावपट्टीवर लागला. कारण ढ विद्यार्थ्याचं सोंग साफ विसरून, समोर बघतच साहेबांच्या तोंडून निघून गेलं,

"आयला, म्हणजे इतकी वर्षं मी खालीच बघत होतो."