आठ बोटांचे परीक्षक

जिथे एकदाच खोकायचं होतं तिथे मी सकाळपासून खोकत बसले, आणि त्यापायी एका माणसाचा उजवा हात मोडला. इतकी मूर्ख बाई तुम्ही पाहिली नसेल. मी रोज आरशात पाहते, पण आता तिचे केस पांढरे झाल्यामुळे लोक तिला शहाणी समजतात.

तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स आणि डोक्यात काहीही नाही. जबलपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची नवी लेक्चरर. प्रॅक्टिकल परीक्षेला पहिल्यांदाच घरची परीक्षक म्हणून बसले होते. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून यायचे आणि त्यांची सरबराई वरपक्षासारखी चालायची. समोसे, खोव्याची जिलबी, संध्याकाळी भेडाघाटचा धबधबा दाखवायला गाडी. त्या बदल्यात एक रिवाज होता. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘आपला’ मुलगा समोर आला की घरच्या परीक्षकानं हलकेच खोकायचं. एक खोकला म्हणजे पास. बोलायचं नाही, लिहायचं नाही, कोणाच्या अंगावर काही येत नाही.

सकाळीच विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, सिर्फ़ एक बार. भैयाजी का भतीजा है.”

भैयाजी म्हणजे ठेके, ट्रक, आणि हॉकी कधीही न खेळता हॉकी स्टिका बाळगणारी पोरं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी गोल्ड मेडलिस्ट होते. फक्त मला दोन दिवसांपासून पडसं झालेलं होतं, हे सांगायचं राहिलं.

बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले सर दीक्षितपुऱ्यातले, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे. पोरं त्यांना ‘आठ उंगली’ म्हणायची. तरुणपणी ते इथल्याच दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. तिथे शेजारच्या टेबलावरच्या डिग्रीवाल्या सोबत्यानं भलत्या भांड्यात भलतंच काही ओतलं. सोबत्याचं घरी न्यायलासुद्धा काही उरलं नाही. सरांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथेच राहिलं. मग ते शिकवायला आले.

वायवाला आलेल्या पोराला ते आधी दोन्ही पंजे टेबलावर ठेवायला लावत. शेजारी आपला तो डावा हात ठेवत आणि म्हणत, “गिन लो. जितनी लाए हो, उतनी ले जाना.” पोरगं खरंच मोजायचं. मग पहिला प्रश्न.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल, ज्याचं प्रेमसुद्धा अंगावर धावून येतं. त्या दिवशी पहिल्याच मुलीची प्रयोगांची फाइल सुंदर होती. तपकिरी कागदाचं कव्हर, लाल शाईच्या रेघा, वर चिकटवलेला गुलाब. मी तिला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी झाले होते. सरांनी मुलीला समोरची बाटली उघडायला सांगितली. तिनं वास घ्यायला सरळ बाटलीला नाक लावलं. सरांनी बाटली हिसकावली आणि फाइल खिडकीतून भिरकावली. ती प्रिन्सिपॉलसाहेबांच्या स्कूटरवर पडली.

“फाइल तर पास झाली बाई,” सर मला म्हणाले, “पण फॅक्टरीत फाइल नाही, पोरगी जाऊन राहिली न?”

आमच्या शहरात बी.एस्सी. केमिस्ट्री म्हणजे निम्म्या पोरांना फॅक्टरीची वाट. त्या वाटेवर सर काठी घेऊन उभे होते.

दुसऱ्या मुलाला मी खोकले. तिसऱ्याला दोनदा. चौथ्याला डोळ्यांतून पाणी आलं. समोर टेबलाला टेकून उभे असलेले विभागप्रमुख मला खुणा करून राहिले, मी त्यांना खुणा करून राहिले, आणि पोरं आमच्या दोघांकडे पाहून राहिली. पाचव्यानंतर सरांनी खिशातून ज्येष्ठमधाचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, आज तुमची सगळीच पोरं घरची दिसून राहिली!”

पोरं हसली. विभागप्रमुखांचा चेहरा चुन्यासारखा झाला. रिवाज भर सभेत उघडा पडला होता.

अशात पुतण्या आला. देखणा, कडेवर वाढलेला, बोटात दोन अंगठ्या. त्यानं पंजे ठेवले, पण मोजले नाहीत. सरांनी सल्फ्यूरिक अॅसिड पातळ करायला सांगितलं. पाण्यात अॅसिड हळूहळू घालायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. यानं अॅसिडचा बीकर सरळ नळाखाली धरला.

बीकर गुरगुरला. सरांनी पोराची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. उकळतं अॅसिड उसळून तो उभा होता तिथे सांडलं, बीकर फुटला, टेबलाचं लाकूड बघता बघता काळं पडलं. सरांच्या शर्टाची बाही चाळणी झाली. मग त्यांनी पोराच्या कानाखाली अशी दिली की दाराशी उभी असलेली पुढची मुलगी रडायला लागली.

“जानते हो मेरे चाचा कौन हैं?” पोरगं गाल धरून म्हणालं.

“ले आना,” सर म्हणाले. “चाचा की भी गिन लेंगे.”

पन्नासपैकी अकरा. नापास.

चाचा दुपारीच आले. आम्ही गुणांची बेरीज करत होतो. सात-आठ जण, हॉकी स्टिका, एकाच्या मुठीत सायकलची चेन. आधी त्यांनी काच फोडली. ब्युरेटांची अख्खी रांग एका फटक्यात गेली. फ्लास्क, बाटल्या, कपाटांची दारं. अमोनियाच्या वासानं डोळे जळायला लागले. विभागप्रमुख मागच्या दारानं गेले ते सोमवारी दिसले. आणि मी? मी अॅप्रन टांगायच्या कपाटात शिरले. कडक इस्त्रीसकट.

आत बसून मी रामरक्षा म्हणत होते, आणि तिसऱ्या ओळीला मला खोकला आला.

कपाटाचं दार उघडलं. चेन वर गेली. मला अजून तिची कडी न् कडी आठवते, तेल लावलेली होती. तेवढ्यात सरांनी लोखंडी स्टँड उचलून त्या माणसाच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा येतो म्हणतात. नाही येत. ओल्या फांदीसारखा येतो.

मग ते सगळे सरांवर पडले. चौघांनी त्यांना टेबलावर दाबलं, एकानं त्यांचा उजवा हात पसरून धरला. भैयाजी स्वतः म्हणाले, “नंबर इसी हाथ से देता है न?” स्टिक खाली आली. पुन्हा आली. सर ओरडले नाहीत, गुरगुरले. सकाळच्या त्या बीकरसारखे. पुतण्या दारात उभा होता. त्याचे ओठ हलले, काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब माझ्या घरी आले. गुणपत्रकावर दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात. त्यांनी नवंकोरं पत्रक आणलं होतं, पुतण्यापुढे सत्तावीस. “मॅडम, आपका भी परिवार है.” माझी मुलगी तेव्हा रांगत होती. ती येऊन त्यांच्या बुटाची नाडी ओढत होती.

मी ते आणि आमचं आधीचं, अकरा गुणांचं, अशी दोन्ही पत्रकं घेऊन दवाखान्यात गेले. सरांचा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, एक डोळा बंद. मी रडायला लागले.

“काहून रडून राहिल्या? खोकला कसा आहे?”

“सर, मी सही कशावर करू?”

त्यांनी उरलेल्या तीन बोटांत पेन धरला आणि अकराच्या पत्रकावर सही केली. लहान मुलानं बेडूक काढावा तशी ती सही होती. पेन माझ्याकडे सरकवला. “तुमचं तुम्ही पाहा. माझी बोटं संपली.”

मी त्याच पत्रकावर सही केली. शौर्यबिर्य काही नव्हतं. कपाटातून ओढून काढलेल्या बाईला आणखी भ्यायला जागा उरत नाही, इतकंच. आमची कॉलर टाइट झाली ती जेमतेम महिनाभर. ‘अशांततेमुळे’ त्या पोराची परीक्षा दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या परीक्षकांसमोर पुन्हा झाली आणि तो छान गुणांनी पास झाला. पुढे फॅक्टरीत लागला. बातमी ऐकून सरांनी त्यांच्या ओट्यावरची पाण्याची घागर लाथेनं उडवली. घागर गल्लीत घरंगळत गेली, ती मीच उचलून आणली.

फॅक्टरीतला तो स्फोट फार मोठा नव्हता. पेपरात आतल्या पानावर आला. एक जण मेला, आणि भैयाजींच्या पुतण्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. मेलेला माणूस कोणाच्या चुकीनं मेला, ते पेपरात नव्हतं.

सर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. त्या पोराला फॅक्टरीवाले आता ऑफिसात टेबलावर बसवणार होते, पण डाव्या हातानं लिहिता आलं तर. सरांनी त्याला ते शिकवलं. वर्षभर, रोज, आपल्या ओट्यावर. मी जाता-येता पाहायची. अक्षर बिघडलं की सर त्याच्या पाठीत धपाटा घालायचे, तोही आपल्या वाकड्या जुळलेल्या उजव्या हातानं. दुखायचं सरांनाच. दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे आणि एकाच ताटलीतले पोहे खायचे. त्या दिवसाबद्दल ते काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी, जी आजकाल कोणालाही काहीही विचारते.

माझी नात आता कॉलेजात आहे. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणते, “आजी, अब कोई नहीं खाँसता. इंटर्नलचे मार्क्स पोर्टलवर जातात.” मी म्हटलं, “अच्छा, पण पोर्टलला पडसं होते की नाही, ते पाहून ठेव.”

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत, कोणावरही न ओरडता, हे मला अजून खरं वाटत नाही. तेराव्याच्या जेवणाला मी गेले. पंगतीत माझ्या शेजारी एक टक्कल पडलेला माणूस डाव्या हातानं पुरी तोडत होता. मी ओळखलं नाही. त्यानं हात धुतले आणि दोन्ही हात माझ्यासमोर सतरंजीवर ठेवले. उजव्याला नुसता अंगठा.

“गिन लीजिए, मॅडम.”

मी मोजली. दुसरं काय करणार? मग म्हातारपणाची ढाल पुढे करून बोलले, “बेटा, त्या दिवशी मी इतकी खोकले नसते, तर सर इतके भडकले नसते. तुमच्या भैयाजींपर्यंत गेलंच नसतं. सगळं माझ्या त्या पडशामुळे झालं.”

त्यानं ओट्याकडे पाहिलं. तिथे आता कोणाची तरी मोटरसायकल उभी होती. मग म्हणाला,

“नहीं मॅडम. दूसरे कॉलेज में जो साहब खाँसे थे न, उनको ज़ुकाम नहीं था.”