गिळायला लावलेला घोट
जांभळाची वाईन फडक्यातून गाळली, तेच आम्ही नवराबायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम. दुपारी बाटली घेऊन पुण्यातल्या घरगुती वाईनच्या स्पर्धेला गेलो. परीक्षकानं घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि बादलीत थुंकून टाकला. ही भडकलीच. “आवडली नाही तर तसं सांगा, थुंकता कशाला?” तो म्हणाला, “आजी, सगळ्यांचीच थुंकतो. गिळत बसलो तर मला उचलून न्यावं लागेल.” “उचलायला आमचे हे आहेत. गिळा!” बिचाऱ्यानं गिळला, वर आणखी एक मागितला. बक्षीस काही मिळालं नाही, पण वारज्यातलं घर येईपर्यंत ही रिक्षात हसत होती. त्याच रात्री झोपेत गेली. सकाळी नातेवाईक रडत आले. त्यांना मी आधी हा स्पर्धेतला किस्साच सांगितला. रडता रडता दोघंतिघं हसले, तेव्हा कुठं मला रडू आलं.